कानसेनचा टक्

गॅरेजच्या दारावर पाटी होती: ‘येथे आवाज ऐकून गाडी दुरुस्त केली जाते.’ रंगवणाऱ्याने उत्साहाच्या भरात ‘आवाज’ एवढा ऐसपैस काढला होता, की शेवटच्या ‘जाते’ला जागाच उरली नव्हती, ते बिचारं कोपऱ्यात अंग चोरून बसलं होतं. पण पाटीत खोटं काही नव्हतं. आतला मिस्त्री खरोखरच ऐकायचा. गल्लीने त्याचं नाव कानसेन ठेवलं होतं आणि ते असं काही चिकटलं, की त्याच्या सासूनेसुद्धा एकदा फोनवर “कानसेन आहेत का घरी?” असं विचारलं आणि मग जीभ चावली.

कानसेन बहुतेक वेळ गाडीखाली आडवा असायचा. बाहेर दिसायच्या त्या फक्त चपला. रस्त्यावरून कुणी गाडी घेऊन गेलं, की चपला हलायच्या आणि खालून आरोळी यायची, “ओ, चेन ओढून घ्या, लोंबतेय!” गाडीवाला दचकून खाली बघायचा, तर चेन खरंच लोंबत असायची.

त्याच्या गॅरेजचा एक नियम होता. गाडीला काय झालंय ते गिऱ्हाइकाने सांगायचं नाही. आवाज काढून दाखवायचा.

“त्याचं काय आहे, इंजिन जरा गरम झालं ना, की मग...” अशी कुणी सुरुवात केली, की कानसेन हात वर करायचा. “डॉक्टरकी मी करतो. तुम्ही गाडी व्हा.”

मग मोठमोठी माणसं गाडी व्हायची. टाय लावलेला विमा एजंट इकडेतिकडे बघून हळूच “फुर्र... फट्... फुर्र” करायचा. कॉलेजातल्या प्राध्यापिका पर्स पोटाशी धरून “खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ” करायच्या आणि वर “चढावर जरा जास्त” अशी पुरवणी जोडायच्या. कानसेन डोळे मिटून ऐकायचा. मधेच म्हणायचा, “जरा खालच्या पट्टीत घ्या... हां, आता जमलं,” आणि डोळे उघडून निकाल द्यायचा. निकाल चुकला, असं कुणाला आठवत नव्हतं.

सेल्फच्या तक्रारीत तर त्याला दोन मिनिटंही लागत नसत. हल्लीच्या मोटारसायकलींना किक नसते. बटण दाबायचं, की झालं. सीटखाली साबणाच्या वडीएवढा एक डबा असतो, त्याला म्हणतात सोलेनॉइड. बटण दाबलं, की बारीक तारांमधून या डब्याला हुकूम जातो. आतलं लोहचुंबक जागं होतं, ‘टक्’ करतं, आणि बॅटरीतली सगळी ताकद जाड तारेतून मोटारीकडे सुटते. मोटार इंजिनाला फिरवते. कानसेनचा हिशेब सरळ होता. टक् आला आणि इंजिन फिरलं नाही, तर डबा निर्दोष, मोटार बिघडलेली. टक् आलाच नाही, तर डबाच गचकला.

तो गिऱ्हाइकाला गाडीवर बसवायचा, स्वतः सीटपाशी कान न्यायचा, श्वास रोखायचा आणि म्हणायचा, “हं... दाबा!”

हे ‘हं... दाबा!’ तो अशा काही थाटात म्हणायचा, की शेजारच्या दुकानातला शिंपीसुद्धा मशीनचा पाय थांबवायचा.

शिंपी हा कानसेनचा सख्खा शेजारी आणि सख्खा वैरी, दोन्ही एकाच वेळी. त्याच्या ओठात कायम टाचण्या असायच्या, त्यामुळे तो बोलायचा ते सगळं नाकातून. “काम्सेम, तुझ्या गाडीचा धूम माझ्या कोटावर येतोय.” “टाचण्या काढ तोंडातल्या, मग भांड,” असं कानसेन म्हणायचा. मग शिंपी एकेक टाचणी काढून बाहीला टोचायचा, आणि शेवटची टाचणी निघेपर्यंत त्याचा राग उतरलेला असायचा.

या शिंप्याने एक मैना पाळली होती. हौस अशी, की गिऱ्हाईक पायरी चढलं की तिने म्हणावं, “या, बसा, माप देता?” रोज सकाळी दुकान उघडलं, की तो पिंजऱ्यासमोर उभा राहून गोड आवाजात शिकवणी घ्यायचा. “या... बसा... माप देता?” मैना एका डोळ्याने त्याच्याकडे बघायची, मग दुसऱ्या डोळ्याने बघायची, आणि दाणे खायला लागायची. तोंडातून शब्द म्हणून नाही.

“मुकी दिलीय तुला,” कानसेन म्हणायचा. “परत कर.”

“लाजते ती,” शिंपी म्हणायचा.

पुढे एक बोका दुकानात घुटमळायला लागला, तेव्हा शिंप्याने पिंजरा उचलला आणि दोन्ही दुकानांच्या मधल्या आडव्या पाइपला उंच टांगला. पाइप नेमका गॅरेजच्या बाजूला कललेला होता. म्हणजे मैना शिंप्याची, पण बसायची कानसेनच्या डोक्यावर. मुकं पाखरू, त्याचा काय त्रास, म्हणून कानसेननेही वाद घातला नाही. तशा वादाच्या गोष्टी त्याच्याकडे मुबलक होत्या.

आणि मग सिस्टरची गाडी आली.

सिस्टर म्हणजे घरोघर जाऊन इंजेक्शनं देणारी नर्स. तोंडावर सगळे तिला सिस्टर म्हणायचे, पाठीमागे इंजेक्शनबाई. तिची गाडी गल्लीत शिरली, की खेळणारी पोरं आपोआप घरात जाऊन अभ्यासाला बसायची. ती बोलायचीही इंजेक्शनासारखी. एकदम, आणि नेमकं.

“गाडी गरम झाली की सेल्फ घेत नाही. थंड झाली की घेते. मी आवाज काढणार नाही.”

कानसेनने पहिल्यांदाच नियम मोडला. सिस्टर बसली, त्याने कान लावला. “हं... दाबा!” टक्! इंजिन ढिम्म.

“डबा ठणठणीत. मोटार,” कानसेन म्हणाला. मोटार खोलली, आतले कार्बनचे तुकडे थोडे झिजले होते, ते बदलले, बसवली. बटण दाबताच गाडी सुरू. सिस्टर गेली.

काही दिवसांनी परत आली. परत “हं... दाबा!” आणि परत स्पष्ट, खणखणीत टक्. परत मोटार. या वेळी त्याने बेअरिंग बदललं, तारा घासूनपुसून लख्ख केल्या. गाडी सुरू. दोन्ही वेळा एक गोष्ट त्याच्या नजरेतून सुटली. मोटार खोलून बसवेपर्यंत गाडी गार होत होती.

दुसऱ्यांदा गाडी गेली, तेव्हापासून कानसेनच्या मनात किडा वळवळायला लागला. माझा कान चुकेलच कसा? आणि चुकला असेल तर?

त्यात बायकोची भर. घर गॅरेजच्या मागेच होतं, स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजमध्ये उघडायची. त्या खिडकीतून ती हाक मारायची, “अहो, ऐकलं का?” उत्तर यायचं नाही. “अहो!” तरी नाही. मग ती डबा आपटायची.

“तुम्हाला ऐकू येईनासं झालंय. तपासून घ्या एकदा.”

“मला? गल्लीच्या टोकाला कुणाचा टायर बसला तरी मला कळतं.”

“टायरचं कळतं. बायकोचं कळत नाही.”

एरवी तो यावर हसला असता. आता मात्र तो गुपचूप मनगटावरचं घड्याळ काढून या कानाला, त्या कानाला लावून बघायला लागला. घड्याळ ऐकू यायचं. पण पुरेसं येतंय का? पूर्वी किती यायचं, हे त्याने कुठे मोजून ठेवलं होतं? एके दिवशी तो पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन आला आणि त्याने तो बाकाखाली सरकवून ठेवला. सिस्टरची गाडी तिसऱ्यांदा आली आणि चूक आपल्या कानाची निघाली, तर पाटीवरचं ‘आवाज ऐकून’ त्या रंगाने पुसायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. नुसतं ‘येथे गाडी दुरुस्त केली जाते’ एवढंच ठेवायचं. ‘जाते’ला जागाही मिळाली असती. कुणाला काही सांगायचं नव्हतं.

गाडी तिसऱ्यांदा आली, ती ढकलत. पुढे हँडल धरून सिस्टर, आणि मागे धापा टाकत एक पांढऱ्या मिशांचे आजोबा, एका हाताने गाडी ढकलणारे आणि दुसऱ्या हाताने स्वतःची कंबर धरलेले.

“यांना आत्ता टोचून निघाले होते,” सिस्टर म्हणाली. “गाडी त्यांच्याच दारात बसली. पेशंटला गाडी ढकलायला लावली मी, मिस्त्री. पेशंटला.”

“माझं काही नाही हो,” आजोबा म्हणाले, “फक्त ज्या बाजूला टोचलं त्याच बाजूचा जोर लागतोय,” आणि स्टूल दिसूनही उभेच राहिले.

“आज शेवटचं,” सिस्टर म्हणाली. “नाही जमलं तर चौकातल्या नव्या गॅरेजात टाकते. माझी माणसं वाट बघत असतात. वेळेवर टोचलं नाही तर औषधाचा उपयोग नाही.”

कानसेनचा स्वतःच्या कानावर भरवसा उरला नव्हता. पण सवयीने त्याने कान लावला. “हं... दाबा!”

टक्!

त्याने कपाळ पुसलं. “डबा तर बोलतोय. म्हणजे परत...”

खिडकीत बायको उभी होती. तिने नवऱ्याचा चेहरा बघितला आणि खिडकीतून नाहीशी झाली. दुसऱ्या मिनिटाला ती मागच्या दारातून गॅरेजमध्ये हजर. हातात व्होल्टमीटर.

हा व्होल्टमीटर मेव्हण्याने भेट दिला होता, म्हणून कानसेनने त्याला कधी हात लावला नव्हता. “मी कानावर जेवतो, तुझ्या भावाच्या खेळण्यावर नाही,” असं म्हणून त्याने तो घरात ठेवून दिला होता. घरात बायकोने त्याचं सोनं केलं. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल, रिमोटचे सेल, टॉर्चचे सेल, सगळ्यांची ती नियमाने तपासणी करायची आणि मेलेल्यांना निरोप द्यायची.

“सरका,” ती म्हणाली. “सांगा कुठे लावू.”

“अगं, हे रिमोटचं काम नाही.”

“वीज तीच ना? का मोटारसायकलीची वेगळी असते?”

“लावू द्या त्यांना,” सिस्टर म्हणाली. “सुई कुठे लावायची ते एकदा कळलं, की काम सोपं.”

कानसेनचा नाइलाज झाला. त्याने सीट काढली. बायकोने लाल सुई बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि काळी निगेटिव्हला लावली. “बारा पॉइंट सहा.”

“बॅटरी उत्तम,” कानसेन म्हणाला. “आता या डब्याच्या दोन बारीक तारांवर. बटणाचा हुकूम इथपर्यंत पोचतो का बघू. सिस्टर... हं... दाबा!”

टक्!

“बारा पॉइंट तीन,” बायको म्हणाली.

“पोचतोय. आता लाल सुई या जाड बोल्टवर, इथून मोटारीकडे तार जाते. काळी बॅटरीच्या निगेटिव्हला. हं... दाबा!”

टक्!

बायको मीटरवर वाकली.

“किती?”

“शून्य.”

“सुई नीट धर.”

“नीटच धरलीय. शून्य शून्य शून्य. हुकूम आत जातोय, बाहेर काहीच येत नाहीये. तुमचा डबा झोपलाय.”

“झोपलाय कसा? टक् केलं ना त्याने आत्ता!” कानसेनने डब्यावर बोट टेकवलं. जिवंत डबा टक् करताना बोटाला हलकासा धक्का देतो, मनगटाची नाडी लागावी तसा. “सिस्टर, परत. हं... दाबा!”

टक्! कानाने ऐकला. बोटाखाली काहीच हललं नाही.

कानसेनने बोट मागे घेतलं. कान गेला असता तरी त्याला एक वेळ चाललं असतं. गेलेला कान निदान गप्प बसतो. हा तर जे नाही तेच ऐकत होता! त्याची नजर बाकाखालच्या रंगाच्या डब्याकडे गेली. मग त्याने मुकाट्याने बॅटरीची तार सोडवली, पाना घेतला, आणि सोलेनॉइड काढून तळहातावर घेतला. काय करायचं ते आता कळलं होतं. नवा डबा बसवायचा, आणि नंतर शिडी लावून पाटी खाली घ्यायची. पण त्याआधी सिस्टरला खरं सांगायला हवं होतं.

“सिस्टर,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा निघाला, की शिंप्याने मशीन थांबवलं आणि टाचण्यांसकट दारात आला. “तुमची मोटार पहिल्यापासून चांगली होती. हा डबा गरम झाला की आतून तुटतो, गार झाला की जुळतो. मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. पण माझे कान... मला भास होतात, सिस्टर. मी सीटपाशी बसतो, म्हणतो, हं... दाबा!”

टक्!

कुणी हललं नाही. सिस्टरचे दोन्ही हात कमरेवर होते. बटणाला कुणी शिवलेलं नव्हतं. आणि डबा कानसेनच्या तळहातावर पडला होता, तारांविना, मेलेल्या झुरळासारखा.

“मलाही ऐकू आलं,” आजोबा म्हणाले. “म्हणजे इंजेक्शनाचा परिणाम नसेल तर.”

बायकोने हळूच मान वर केली. तिच्या पाठोपाठ सगळ्यांनी केली. वर पिंजऱ्यात मैना मान तिरकी करून खाली बघत होती, शाळेत उत्तर आधीच माहीत असलेल्या मुलीसारखी.

कानसेन उठून उभा राहिला. पिंजऱ्याकडे बघत, अगदी बारीक आवाजात म्हणाला, “हं... दाबा!”

“टक्!” मैना म्हणाली.

“हं... दाबा!”

“टक्!”

“म्हणजे,” सिस्टर एकेक शब्द तोलून म्हणाली, “माझी मोटार तुम्ही दोनदा खोललीत, ती या पाखराच्या सल्ल्याने?”

आधी आजोबा हसले. मग “आई गं” म्हणून त्यांनी कंबर धरली आणि परत हसले. बायको मीटर छातीशी धरून गाडीच्या टाकीवर डोकं टेकून हसत होती. सिस्टरने चेहरा सरळ ठेवायचा बराच प्रयत्न केला. तिच्या धंद्यात ते लागतं. पण मैनेने कुणी न सांगता आणखी एक टक् केला, आणि सिस्टरलाही हसू फुटलं.

हसला नाही तो फक्त शिंपी. त्याने भराभरा टाचण्या बाहीला टोचल्या. “कृतघ्न!” तो पिंजऱ्याला म्हणाला. “रोज सकाळी घसा फोडतो मी तुझ्यापुढे! दाणे कोण घालतं? पाणी कोण ठेवतं? आणि शिकलीस कुणाचं? या ग्रीसवाल्याचं?”

“आवडीचा विषय होता तिच्या,” कानसेन म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्याच्या छातीवरचा दगड हलला होता. “तुझ्या मापात काय आवाज आहे?”

नवा सोलेनॉइड बसवला. पण कानसेनने लगेच गाडी दिली नाही. “चांगली फिरवून आणा, सिस्टर. तापू द्या. गाडी गरम असतानाच परीक्षा.” सिस्टर आजोबांना मागे बसवून घरी पोचवून आली. जाताना आजोबा एकाच बाजूवर बसले होते.

इंजिनाला हात लावला तर चटका बसेल अशी गाडी तापून आली. सिस्टरने ती बंद केली. बायकोने न सांगता लाल सुई जाड बोल्टवर धरली. शिंपी दारात. मैना वर.

कानसेनने डोळे मिटले. “हं... दाबा!”

टक्. टक्!

दोन आले. एक खालून, एक वरून, अगदी पाठोपाठ. आणि गाडी गुरगुरून सुरू झाली.

“दहा पॉइंट नऊ!” बायको इंजिनाच्या वरताण ओरडली.

पण कानसेन डोळे मिटूनच उभा होता. त्याने खूण करून गाडी बंद करायला लावली आणि पुन्हा दाबायला सांगितलं. टक्. टक्! आता त्याला दोन्ही स्वच्छ वेगळे लागले. पहिला लोखंडाचा, बुडाशी जड, मागे जरासा घुमणारा. दुसरा चोचीचा, वरच्या वर तुटणारा, आणि शेवटाला किंचित शीळ. जमीन-अस्मानाचा फरक! हा फरक पहिल्या दिवशीही होता. त्याने ऐकलाच नव्हता. ‘दाबा’ म्हणतानाच मनात टक् तयार ठेवायचा, आणि मग तसं काहीही कानावर पडलं की पुरे.

“कान ठीक आहेत,” तो डोळे उघडून म्हणाला. “मीच लक्ष देत नव्हतो.”

“हे मी कधीपासून सांगतेय,” बायको म्हणाली.

सिस्टरने हेल्मेट चढवलं. “मोटार दोनदा उगाच खोलल्याबद्दल तुम्हाला शिक्षा म्हणून पुढच्या खेपेला सुई मोठी आणते.” आणि ती गेली. गल्लीतून तिच्या गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत कानसेन ऐकत राहिला. कुठेही खळ्ळ नाही, चिक् नाही.

संध्याकाळी बायको बाक झाडत होती. तिने खालचा डबा ओढला. “हा पांढरा रंग कशाला आणलाय?”

कानसेनने पाटीकडे बघितलं नाही. “पिंजऱ्याला,” तो म्हणाला. “गंजलाय ना.”

बायकोने त्याच्याकडे नीट बघितलं, मग पाटीकडे बघितलं. आणि तिने ब्रश आणून दिला. पिंजरा रंगवायचा म्हणून मैनेला रात्रीपुरतं टोपलीखाली ठेवलं, तर तिथूनही टकटक चालूच.

आता गॅरेजमध्ये मीटर खिळ्याला टांगलेला असतो. कान आधी, मीटर नंतर, आणि दोघांचं पटलं नाही तर बोट. ‘हं... दाबा!’ म्हणणं कानसेनने सोडलंय; तो नुसती भुवई उडवतो. मैनेला भुवई कळत नाही, निदान अजून तरी. शिंप्याने हार मानलेली नाही. तो रोज सकाळी “या, बसा, माप देता?” म्हणतो, आणि परवा मैनेने त्याला पहिल्यांदाच उत्तर दिलं. खिडकीतल्या आवाजात ती म्हणाली, “अहो, ऐकलं का?”

तेव्हापासून कानसेनचं फारच फावलंय. काल बायकोने एक हाक मारली, दोन मारल्या, शेवटी ती मागच्या दारात येऊन उभी राहिली.

“अहो, कधीची ओरडतेय मी!”

गाडीखालच्या चपला हलल्या. “तू होतीस होय? मला वाटलं, मैना.”

“बरं,” बायको म्हणाली. “मग आज जेवायलाही तीच वाढेल.”

हे मात्र त्याला पहिल्या खेपेला ऐकू आलं.